अजून एक आठवडा

तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात रिकामी बादली होती आणि चेहऱ्यावर घाई.

"आठ मासे द्या," तो म्हणाला. "निळे. शेपटीला लाल असलेले."

"टाकी कधी भरलीत?"

"आज सकाळी."

"मग नाही मिळणार."

पाळीव प्राण्यांच्या त्या दुकानाच्या सहा शाखा होत्या. पण आलेल्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवणारी मासेवाली या एकाच शाखेत. तिचं म्हणणं साधं होतं. नवं पाणी नितळ दिसतं, पण ते जगवणारं नसतं. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव रुजावे लागतात, त्याला महिना-दीड महिना जातो. तोवर मासे सोडले तर स्वतःच्याच घाणीने मरतात. ज्याने पाण्यात जीव घातला त्यालाच घाई नाही, तर आपण कोण लागून गेलो?

"घरी भाची वाट बघत बसलीये. तिने आठही जणांची नावं ठेवलीत."

"नावं राहू द्या. रोज टाकीत चिमूटभर खाऊ टाकायला सांगा. आणि दर शनिवारी बाटलीत पाणी आणा, मी तपासून देते."

"रिकाम्या टाकीत खाऊ?"

"खाणारे आहेत. दिसत नाहीत, इतकंच."

तो हसला... आणि तिने उगाचच जाळी उचलून परत जागच्या जागी ठेवली.

मग शनिवार येऊ लागले. चाळीस टाक्यांचे पंप एका लयीत बुडबुडत असायचे. काचेच्या नळीत पाणी, त्यात औषधाचे थेंब, आणि पाच मिनिटं थांबायचं. हिरवा रंग म्हणजे विष, पिवळा म्हणजे मासे न्यायला हरकत नाही. त्या पाच मिनिटांत गप्पा व्हायच्या. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा.

"अडकलेली माणसं सुटल्यावर आधी मलाच शिव्या देतात," एकदा तो म्हणाला. "इथे बरं वाटतं."

"अजून तुमचे मासे मेले नाहीत म्हणून."

"तुम्ही देतच नाही — मरणार कुठून?"

सहाव्या शनिवारी नळी पिवळी झाली. अगदी स्वच्छ पिवळी. मासे घेतले की हा माणूस पुन्हा कशाला येईल, एवढं एकच तिच्या मनात आलं. तिने नळी मुठीत धरली.

"अजून एक आठवडा," ती म्हणाली.

या दुकानातल्या तीन वर्षांत गिऱ्हाइकाशी बोललेलं हे तिचं पहिलं खोटं. देव सगळीकडून पाहतो म्हणतात. त्या दिवशी तो नळीतूनच पाहत असावा. सातव्या शनिवारी ती तेच म्हणाली. आठव्याही.

नवव्या आठवड्यात मॅनेजरने बोलावून सांगितलं, "सोमवारपासून तू शहराच्या त्या टोकाच्या शाखेत. कुत्र्यांचं खाद्य. तिथे नाही म्हणायची वेळ येणार नाही."

त्या शाखेत मासे नव्हते. म्हणजे पाणी आणायलाही कुणी येणार नव्हतं.

शनिवारी त्याने बाटली पुढे केली. तिने ती उघडलीच नाही.

"तुमचं पाणी तीन आठवड्यांपूर्वीच तयार झालंय," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. भाचीला उगाच थांबवलं. सोमवारपासून मी इथे नाही, म्हणून आजच सांगते."

"माहीत आहे."

"काय?"

"पाणी तयार आहे ते. मीही तपासणीचं किट घेतलं. तुमच्याच कॅश काउंटरवरून."

तिने वळून पाहिलं. कॅश काउंटरवरच्या मावशी बिलाच्या यंत्रात कागदाचा रोल घालण्यात कमालीच्या गढल्या होत्या.

"मग पाणी का आणत राहिलात?"

"तुम्ही म्हणालात, अजून एक आठवडा..." तो खाली बघत म्हणाला. "मला तेच ऐकायचं असायचं."

मावशींच्या हातून रोल घरंगळला. "अगं पोरी, मासे भर आता," त्या म्हणाल्या. "नाहीतर मीच येते जाळी घेऊन."

तिने आठ मासे पकडले, पिशवीत हवा भरली, रबर आवळलं. "पिशवी आधी टाकीत वीस मिनिटं तरंगत ठेवायची. पाण्याची ऊब सारखी झाली की मगच सोडायचे."

"भाची माझं ऐकत नाही. तुम्हीच येऊन सांगा ना."

"सहाला सुटते मी."

"मी थांबतो. सवय झालीये."

त्याच्या बहिणीच्या घरी, खिडकीजवळच्या टाकीत पिशवी तरंगत होती. एका बाजूला ती, एका बाजूला तो. मध्ये काचेला नाक लावून भाची.

"मामा, 'अजून एक आठवडा' म्हणणारी ती हीच?"

"हीच."

भाचीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "उद्याही येणार का?"

टाकीवर टेकलेला त्याचा हात तिच्या हाताशेजारी होता. तिने आपला काढून घेतला नाही.

"येईन," ती म्हणाली. "पाणी तपासायला नाही. अशीच."

"मग आता सोडू मासे?"

तिने घड्याळ पाहिलं. एकोणीस मिनिटं झाली होती.

"अजून एक मिनिट," ती म्हणाली, आणि या वेळी ते खरं होतं.