सात वाजताची लेक

"अंबिके, कुठं लपवलीस माझी पोरगी?"

टीव्हीच्या काचेवर टेकलेली तीन बोटं तशीच ठेवून सिद्धम्मानं मान वळवली, आणि त्या डोळ्यांतला अंगार पाहून अंबिकेनं हातातलं ताट खाली ठेवलं!

लातूरजवळच्या मुरुडच्या त्या दोन खोल्यांत रोज संध्याकाळी सातला हा सोहळा चालायचा. मालिकेचं गाणं संपताना त्यात काम करणाऱ्या धाकट्या लेकीचा, साक्षीचा चेहरा पडदाभर यायचा, आणि सिद्धम्मा गुडघ्यांवर हात देत उठून काचेतल्या त्या कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढायची. लेकरांच्या कपाळी आईनं विभूती लावायची, ही त्या लिंगायत घराची रीतच होती. पण थोरली अंबिका शेजारी उभी असून तिचं कपाळ सहा वर्षं कोरडं! सकाळी काच पुसायचं काम मात्र तिचंच. कितीदा मनात आलं, काचेवरचं ते विभूतीचं बोट आपल्याच कपाळाला ओढून घ्यावं... पण पुसून घेतलेली माया कुठं अंगी लागते का, बाई?

सहा वर्षांपूर्वी दोघी बहिणी देवणीच्या एकाच घरात, दोन सख्ख्या भावांना ठरल्या होत्या. लग्न चार दिवसांवर आलं आणि साक्षी नटी व्हायला मुंबईला पळाली. मागं ठेवलेल्या चिठ्ठीत आईबद्दल जे जे लिहिलं होतं ते वाचून अंबिकेनं चिठ्ठी चुलीत घातली आणि म्हणाली, "अव्वा, मीच तिला गाडीत बसवलं." आईचा तळतळाट धाकटीला लागू नये, एवढाच त्या वेडीचा हेतू! देवणीकरांनी दोन्ही सोयरिकी मोडल्या. साक्षी टीव्हीवर झळकली, आणि अंबिका जन्माची घरभेदी ठरली.

त्यात आता हा संप आला! मुंबईत लाइटवाले, मेकअपवाले, सगळेच कामाच्या तासांवरून बसले. नवे भाग संपले, तशी वाहिनीनं मालिका पहिल्या भागापासून परत लावली. आणि साक्षी तर मालिकेत वर्षभरानं आली होती! गाण्याच्या शेवटी आता भलतीच बाई हसायची.

"संप हाय अव्वा. शूटिंग बंद हाय," अंबिका समजवायची.

"एसटीचा संप असतोय, बँकेचा असतोय. लेकीच्या तोंडाचा कुठं संप असतोय गं? तूच काहीतरी केलीस!" म्हणत सिद्धम्मा ताट सरकवायची. नऊ दिवस पाण्यावर काढले तिनं. लातूरच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि हळूच म्हणाले, "घरी न्या. काळीज थकलंय."

अंबिकेनं फोन लावला. "साक्षे, संपात मोकळीच हायेस की! ये गं... अव्वा चालली आपली!"

"कशी येऊ, अक्का?" पलीकडे हुंदका फुटला. "आज मिटेल, उद्या मिटेल म्हणून राहिलेत. मिटला की लगेच सेटवर उभं राहायचं. नसले तर माझ्या जागी दुसरी घेतील. तू व्हिडिओ लाव, मी बोलते तिच्याशी."

अंबिकेनं फोन आईच्या तोंडासमोर धरला. कापलेले केस, बिनटिकलीचं कपाळ, सुजलेले डोळे... सिद्धम्मानं अधू नजरेनं बराच वेळ निरखलं.

"ही कोण बया? माझ्या साक्षीचं असं पांढरं कपाळ न्हाई!"

"अव्वा, मी गं! अव्वा!" फोनमधून पोरगी ओरडत होती, आणि सिद्धम्मानं भिंतीकडं तोंड फिरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंबिकेनं पेटी उघडली. मोडलेल्या लग्नाचा हिरवा शालू, घडी न मोडलेला! तो नेसली, नथ घातली, मालिकेत साक्षी लावते तसं रुपयाएवढं कुंकू लावलं. आरशात बघते तर काय, साक्षीच उभी, फक्त दमलेली... काळजावर धोंडा ठेवून ती आईच्या उशाशी बसली.

"अव्वा, मी आले."

म्हातारीचा चेहरा असा फुलला, असा फुलला! तिनं विभूती घेतली आणि अंबिकेच्या कपाळावर तीन बोटं ओढली. सहा वर्षांनी आईचा हात लागला होता, आणि तोही दुसरीच्या नावानं!

"साक्षे, एक सांगायचंय. तू आपल्या पायानं गेलीस, हे मला ठावं होतं गं. त्या गाडीवरचा आपला नरसिंग कंडक्टर त्याच महिन्यात सांगून गेला, पोरगी एकटीच होती म्हणून. अंबी खोटं बोलली, तुझ्यापायी."

"मग... मग अक्काला का छळलंस एवढं?"

"दूरच्या लेकरावर रागवायचा धीर झाला न्हाई. ही हाताशी होती, हिच्यावर काढला. मग रोज वाटायचं, आज बोलावं... जीभच उचलेना. लई मोठं पाप झालं माझ्या हातनं."

"हाक मारू तिला? तूच सांग की, अव्वा!"

"नको, नको! कोणत्या तोंडानं सांगू? मी गेल्यावर तू सांग. म्हणावं, अव्वा चुकली."

'अव्वा, मीच गं ती!' हे शब्द कंठापर्यंत आले होते. पण बोलली असती, तर नऊ दिवसांनी आलेली लेक आईच्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली असती... अंबिकेनं तो घोट गिळला.

"सांगते, अव्वा."

सिद्धम्मानं तिच्या हातनं चार घास दूधभात खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी पूजेच्या वेळी तिनं प्राण सोडला, ती लिंगैक्य झाली. त्याच दुपारी संप मिटल्याची बातमी आली.

साक्षी तिसऱ्या दिवशी आली, ती संध्याकाळच्या परतीच्या गाडीचं तिकीट घेऊनच! मोकळ्या खाटेला मिठी मारून ती लहान पोरीसारखी रडली.

"मला ओळखलं न्हाई गं तिनं, अक्का! राग धरून गेली ना माझ्यावर?"

"न्हाई गं. शेवटी तू आलीस असंच समजली ती. तुझ्याशी पोटभर बोलली, तुझ्या हातनं जेवली."

साक्षीनं डोळे पुसले आणि भीतभीत विचारलं, "आणि तुला? तुला काही म्हणाली का, अक्का?"

अंबिका तिच्या प्रवासासाठी दशम्या बांधत होती. फडक्याची गाठ मारून ती म्हणाली, "मला कशी म्हणेल, बाई? मी कुठं होते तिथं!"