हळदीच्या वासाचं ग्रीस

खोटं वाटन त वाटू द्या. मी फोनवर जे आयकलं तेच लिहून राह्यलो.

१८ एप्रिल २०२४. रात्र-बित्र नव्हती. दुपारचा एक वाजला होता. भर ऊन.

केनवडच्या अलीकडं एक दालमिल हाय. नाव नाई सांगत. तिथं माया जगदेवमामा फिटर होता, मी त्याच्या हाताखाली. काम मी मोबाईलवर पाहू पाहू शिकलो.

मिलमधे एक जुना रोलर. त्याच्या बेअरिंगले बाजारातलं कोन्तंच ग्रीस चालेना. महागातलं लावलं तरी घंट्याभरात...

वरडे.

लोखंड घासल्यावानी नाई. मानसावानी.

त्याले एकच ग्रीस लागे. पिवळं, हळदीच्या वासाचं. दर दिवाळीले एक बुढा गेटवर डबा ठेवून जाये. बोले नाई, काही मागे नाई.

मागच्या दिवाळीले तो आलाच नाई. एप्रिलमधे डबा खतम झाला. अन् तुरीचा सीझन जोरात.

"गोलू, त्या बुढ्याले धुंडून आन," मामा म्हने. "तोवर मी रोलर खोलतो. अन् लवकर ये बे, तिकडं चहा ढोसत बसू नको."

रिकाम्या डब्याच्या बुडाले मानोऱ्याच्या किरानावाल्याची चिठ्ठी होती. गाडी काढली, सिधा मानोरा. दुकानदारानं डबा ओळखला.

"मोहनसिंगचा हाय. तांड्यावर राह्यते."

बुढा घरासमोर लिंबाखाली बसून होता. बाजूले कढई पालथी.

"बाबा, तुमचं ग्रीस पाह्यजे. दालमिलमधून आलो."

"ग्रीस नोहे ते. मलम हाय."

"कायचं मलम?"

"माया बादलच्या जखमेचं."

बादल त्याचा पोरगा. नऊ वर्षाआधी त्याच रोलरमधे गेला. आधी बोटं, मंग हात, मंग खांदा...

मान लास्टले.

आमच्या मिलमधे एक रिवाज हाय. मशीनमधे हात घालाचा त मेनचा फ्यूज काढून आपल्या खिशात ठेवाचा. मंग कोनी बटन दाबलं तरी मशीन चालत नाई.

"त्याच्या खिशात फ्यूज होता," बुढा म्हने. "मंग मशीन चालली कशी?"

मी रिकामा डबा त्याच्यासमोर ठेवला.

"कोनं तरी दुसरा फ्यूज खोसला. आत पोरगा हाय का नाई, वाकून पाह्यलं नाई. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात तुमच्या मिलचा हमाल भेटला. पिऊन होता. नाव सांगून गेला." त्यानं पालथ्या कढईवर हात ठेवला. "त्या दिवशी म्या मलम बंद केलं. म्हटलं, वरडू दे पोराले."

"कोन होता, बाबा?"

"तुले इथं कोनं धाडलं?"

मले मामानंच धाडलं होतं.

फोन लावला.

"मामा! रोलरपासून दूर हो!"

"काहून बे? फ्यूज माया खिशात हाय. लवकर बोल, दोन्ही हात आत हायेत, फोन खांद्यानं दाबून..."

अन् मंग...

रोलर फिरल्याचा आवाज.

"गोलू... फ्यूज त माया..."

मंग तुराट्या मोडल्यावानी आवाज. एक. दोन. मंग लय साऱ्या.

मामा वरडत होता. मंग वरडनं ओलं झालं. मंग नुसता रोलर.

बुढ्यानं मान वर केली नाई.

"चालली काय?" एवढंच म्हने.

मी पयत गाडीजवळ गेलो. तो मांगून आला. कढई माया गाडीले बांधून देली, मलम कसं बनवाचं तेबी सांगतलं.

"घेऊन जाय. आता तुयं मानूस आत हाय."

मामाले गॅस कटरनं काढलं. फ्यूज खिशातच होता. बोर्डावरची जागा रिकामी. सारे म्हनत, मशीन अकरा मिनटं चालली. कशी, ते कोनालेच सांगता येत नाई. पोलिसांलेबी नाई.

महिन्याभरानं शेठनं मिल चालू केली. आता रोलर दोन आवाजात वरडे.

म्हनून ग्रीस मीच बनवतो. त्याच कढईत.

काल फ्यूज काढून खिशात घातला अन् बेअरिंगले ग्रीस भरलं. आमी फिटर लोक पेचकसाचं टोक बेअरिंगले लावतो अन् मूठ कानाले. आतलं सारं आयकू येते. मशीन बंद होती, तरी सवयीनं लावला.

बादल चूप होता.

मामा मात्र...

"गोलू, फ्यूज कोनाजवळ हाय रे?"

मी खिसा चाचपला. मायाजवळच होता.

तरी पेचकस कानाजवळ थरथरू लागला...