गादीचं बोलावणं

सलोनीच्या गळ्यावर बोटांचे वळ होते, आणि मौनखोलीबाहेर बसलेले साधक शांतपणे सांगत होते, "गादीने बोलावलं तिला."

फौजदार सरला चौधरींच्या अंगावर काटा आला. चिंचोटीच्या या मठातले गुरू वर्षापूर्वीच वारले होते. तरी त्यांच्या रिकाम्या गादीला विचारल्याशिवाय इथे कोणी घासही उचलत नसे.

प्रेत पाहिलं ते निधीने, पहाटेची आरती आटोपल्यावर. पोरीच्या कपाळावरचं गंध घामाने ओघळलं होतं.

"मॅडम, आज आम्ही दोघी पळणार होतो. आता मला पण बोलावतील."

"कोण?"

निधीने नुसतं गादीकडे पाहिलं.

"तुमचा बेत कोणाला ठाऊक होता?"

"सलोनीने भावाला, प्रितेशदादाला, सांगितलं असेल. दोघं आगाशीहून एकत्र आलेली, त्याला सोडून तिचा पाय निघत नव्हता."

"आरतीला सगळे होते?"

"सलोनी मौनात होती, बाकी सगळे होते. दिवा रोज प्रितेशदादा लावतो. आज दारातच थांबला. म्हणाला, तू लाव."

सरलाबाईंनी साधकांवरून नजर फिरवली. साऱ्यांच्या कपाळी गंध. प्रितेशचं कोरं.

"तुला कधी कळलं रे?"

"निधी किंचाळली तेव्हा. आरतीनंतर."

"मग आरतीत दिव्याजवळ का नाही गेलास?"

प्रितेशचा हात कोऱ्या कपाळाकडे गेला.

हवालदार युजीन पुटपुटला, "बाई, गंध नाय लावला तर गुन्हा झाला काय? मी पण नाय लावत."

"तुझी गोष्ट वेगळी, युजीन. पण आगाशीच्या वाडीत वाढलेला मुलगा सुतक लागलं की दिव्याला शिवत नाही. मीही शिवणार नाही." त्या प्रितेशकडे वळल्या. "आरतीच्या वेळी तुझी बहीण गेल्याचं इथे कोणालाच ठाऊक नव्हतं. सुतक मात्र तू आधीच धरलंस. मारणाऱ्यावाचून ते कोण धरणार?"

प्रितेश गादीकडे पाहतच बोलू लागला.

"आई गेली तेव्हा गादीने जाऊ दिलं नाही. अग्नी शेजाऱ्यांनी दिला. काल सलोनी म्हणाली, दादा, हे सगळं खोटं आहे, घरी चल. खोटं असेल, तर मी आईला कशापायी सोडलं? मला तिला गप्प करायचं होतं. नुसतं गप्प."

"गादीनेच करवलं," साधक डोलत म्हणाले.

"गादीला हात नसतात," सरलाबाई हळूच म्हणाल्या. कोणीही मान वर केली नाही.

फाटकाबाहेर त्यांनी निधीपुढे फोन धरला. "आईला लाव."

निधीचं बोट अधांतरी राहिलं. "नंबर आठवत नाही हो."

"मग गाव सांग. दारात जाऊन हाक मारू."