समजलं नाही, पुन्हा सांगा

पोरींनो, ही गोष्ट तुम्हाला पटणार नाही. आजवर कुणालाच पटलेली नाही. माझी सख्खी बहीण तर अर्ध्यातच उठून कपडे वाळत घालायला निघून गेली होती. पण आज साक्षीदार हजर आहे. तो बघा, खिडकीशी चहाचा कप धरून बसलाय. तुमचा दादा, माझा भाचा, दातांचा डॉक्टर. गोष्ट त्याचीच. आणि फाटकाबाहेर उभी आहे ना, हत्तीने बाजूला सरून वाट द्यावी अशी काळी गाडी, तीच ही गाडी. मघाशी तुम्ही विचारलंत, एवढ्या मोठ्या गाडीत दादा एकटाच का फिरतो म्हणून. तर ऐका.

“मामा, राहू दे ना,” डॉक्टर म्हणाला.

पण म्हणाला हसत. म्हणजे माझी वाट मोकळी.

तर गाडी घरी आणायचा दिवस. चार वर्षं हा गडी त्या गाडीचे फोटो बघत होता. रुग्ण खुर्चीत आ वासून बसलेला आणि हा हळूच फोन उघडून चाकांची नक्षी बघतोय, असा सगळा प्रकार. त्या दिवशी नवा शर्ट घालून शोरूममध्ये गेला. बेत असा, की सही करायची, चावी घ्यायची आणि चारच्या रुग्णाला हजर व्हायचं. गाडीचं दार उघडलं तर आत स्टीअरिंगच्या खाली दोन बूट! बाकी माणूस पार पेडलांच्या तळाशी.

“तो फडका द्या जरा,” खालून बाईचा आवाज आला. “आणि उभे काय राहिलात, ते प्लास्टिक ओढा तिकडून.”

डॉक्टरकडे फडका कुठला? त्याने खिशातला इस्त्रीचा रुमाल दिला. शिवाय वाकून प्लास्टिकही ओढलं. मग ती बाहेर आली. केसांत खोचलेली पेन्सिल, नाकावर घसरलेला चष्मा आणि कानामागे चिकटलेला प्लास्टिकचा तुकडा.

“अगं बाई… तुम्ही मालक?”

“हो. आणि तो माझा रुमाल.”

रुमालाचा रंग तोवर टायरसारखा झाला होता. तिने तो पाठीमागे लपवला आणि एकदम ताठ उभी राहिली. “मी तुम्हाला गाडी शिकवणार आहे. नियम आहे. दोन तास शिकल्याशिवाय चावी नाही.”

“मला गाडी येते हो. पंधरा वर्षं चालवतोय.”

“सगळे असंच म्हणतात. बरं, दिवे लावून दाखवा.”

डॉक्टरने रुबाबात एक बटण दाबलं. दिवे राहिले बाजूला, सीटच त्याची पाठ रगडायला लागली! मालिश करणारी सीट होती ती. सत्तर बटणं समोर, माणसाने करावं काय? सीटने असा दणका दिला की आमचा डॉक्टर छताच्या काचेतून कमरेपर्यंत बाहेर…

“मामा, सत्तावीस बटणं होती,” डॉक्टर म्हणाला. “आणि छत बंद होतं.”

सत्तावीस तर सत्तावीस. पण ती हसली, एवढं तर खरं ना? त्यावर हा चहाचा घोट घ्यायला लागला.

तिच्याकडे एक छोटी वही होती. कंपनीचं जाडजूड पुस्तक बाजूला ठेवून तिने गाडीतली एकेक गोष्ट स्वतःच्या अक्षरात, सोप्या भाषेत उतरवून काढली होती. ‘पाऊस आला की वायपर आपले आपण हलतात. घाबरू नये.’ अशी सगळी. आता त्या दिवशी होतं लख्ख ऊन. मग तिने काय केलं, पाण्याची बाटली घेतली, गाडीपुढे जाऊन उभी राहिली आणि ओंजळीने काचेवर पाणी उडवायला लागली.

आत डॉक्टर, बाहेर ती. मध्ये काच. पाण्याच्या धारांनी तिचा चेहरा विस्कटला, विरघळला… आणि वायपर एकदा सरसरत गेला तशी ती पुन्हा लख्ख समोर. ओले हात, कपाळावर एक थेंब. ओठ हलवून काहीतरी विचारत होती. ऐकू मात्र काही येत नव्हतं, कारण त्या गाडीच्या काचा दुहेरी! बाहेर तोफ उडाली तरी आत टाचणी पडल्यासारखं.

डॉक्टरने काच खाली केली. “काय म्हणालात?”

“म्हटलं, समजलं का?”

समजायला त्यात होतं काय? शेंबड्या पोरालाही समजलं असतं. पण आमचा पस्तीस वर्षांचा, दोन पदव्यांचा डॉक्टर म्हणाला, “नाही… पुन्हा दाखवा.”

अशा अकरा बाटल्या रिकाम्या केल्या तिने.

“तीन.”

बरं, तीन! निघताना तिने त्याच्या फोनवर एक बटण दाखवलं. ‘समजलं नाही’ असंच नाव होतं त्याचं. “काही अडलं तर हे दाबा, मी येईन. पण सांगून ठेवते हं, वर्षभरात मी शिकवलेल्या एकाही मालकाने ते दाबलेलं नाही. असंच राहिलं तर नव्या शाखेत शिकवणाऱ्यांची प्रमुख मी होणार.”

“आणि दाबलं तर?”

“तर माझ्या नावापुढे एक रेघ,” ती हसून म्हणाली. “पण तुम्ही हुशार दिसता.”

डॉक्टरने तिचं हसणं ऐकलं. रेघ ऐकलीच नाही.

चौथ्या दिवशी त्याने बटण दाबलं. कारण काय, तर मागचं दार पायाने उघडत नाही. गाडीच्या मागे उभं राहून पाय पुढे केला की दार आपोआप वर जातं, हात भरलेले असले तरी. ती आली, तिने पाऊल जरासं सरकवलं, दार अलगद वर गेलं. डॉक्टरने मुद्दाम अशी लाथ झाडली की बूट उडून दवाखान्याच्या पाटीवर जाऊन बसला.

“बूट पायातच होता, मामा.”

आठवड्याने दुसरं कारण. गाडी मागे घेताना पडद्यावर ती आकाशातून दिसते, मग वर कॅमेरा कुठाय?

“वर कॅमेरा नाहीच आहे,” ती म्हणाली. “चार बाजूंना चार आहेत. ते जे बघतात ते जुळवून गाडी स्वतःच वरचं चित्र तयार करते.”

“म्हणजे थापा मारते की!”

“थापा नाही हो. जे दिसत नाही ते अंदाजाने भरते.”

“माझे एक मामा आहेत, ते हेच करतात,” डॉक्टर म्हणाला. पोरींनो, माझी ओळख तिला अशी करून दिली या गृहस्थाने.

तिसऱ्या खेपेला त्याला आवाजी हुकूम जमत नव्हते. ‘गार वाटतंय’ म्हटलं की गाडी जवळचं गॅरेज शोधायची. तिने एकदा सांगितलं की मात्र मुकाट ऐकायची. “मास्तरीणबाई, तुम्हाला घाबरते ती,” हा म्हणाला. “घाबरत नाही,” ती म्हणाली, “मी तिच्याशी खरं आणि थोडक्यात बोलते.”

आणि चौथ्या खेपेला दिवे. आतले दिवे चौसष्ट रंग बदलतात. संध्याकाळ होती, गाडी झाडाखाली उभी. ती एकेक रंग लावत होती आणि तिच्या गालावर कधी केशरी, कधी निळा उतरत होता. हा रंग बघायचं सोडून गाल बघत होता. तिने ते ओळखलं. मान न वळवता म्हणाली,

“डॉक्टर, एक विचारू? एवढ्या साध्या गोष्टी तुमच्या लक्षात राहत नाहीत, तर तुम्ही लोकांचे दात कसे काढता?”

“दात बटणावर निघत नाहीत.”

“खरं सांगा. खरंच समजत नाही?”

“समजतं हो… पण तुम्ही गेलात की सगळं विसरायला होतं.”

तिने वही उघडली, पेन्सिल टेकवली आणि काही न लिहिताच मिटली. उतरताना एवढंच म्हणाली, “मग लिहून ठेवत जा ना काहीतरी. मी किती वेळा येणार?” त्या वाक्यात ‘येऊ नका म्हणू नका’ असं काहीतरी होतं. हे मी माझ्या पदरचं नाही सांगत. हा स्वतः मला म्हणाला होता.

महिना झाला आणि कंपनीचा फॉर्म आला. नव्या मालकाला गाडी कशी वाटली ते कळवा. डॉक्टरने तीन पानं भरली! इंजिन एवढं शांत की चालू आहे का ते हात लावून बघावं लागतं, दहापैकी दहा. सीट, दहा. खड्डा आला कधी नि गेला कधी कळत नाही, दहा. पुढच्या चकचकीत काळ्या पट्टीवर बोटांचे ठसे उमटतात, तिचे दोन गुण कापले. आणि शेवटचा प्रश्न, गाडी समजावून देणाऱ्या व्यक्तीला किती गुण?

त्याखाली बारीक अक्षरात दोन ओळी होत्या. आठच्या वर दिले तर शिकवणी पूर्ण झाली असं धरून पुढच्या भेटी बंद. चारच्या खाली दिले तर पुन्हा भेट.

डॉक्टरने तीन दिले.

आयुष्यभर लोकांचे जबडे बघणाऱ्या माणसाला एवढं कळायला हवं होतं, की आपण बोट ठेवून ‘इथे दुखतं’ म्हणालो की समोरचा नेमकं तिथलंच उपटतो.

पुढच्या सोमवारी बेल वाजली. हा केस सारखे करून दार उघडायला धावला, तर समोर एक मिशीवाले गृहस्थ. “नमस्कार साहेब. गाडी पुन्हा समजावायला आलोय.”

“त्या… नेहमीच्या कुठे आहेत?”

“त्यांना काढलं त्या कामावरून. तुमच्या चार वेळच्या तक्रारी, वर तीन गुण. गुरुवारी साहेबांसमोर शेवटचं विचारणार आहेत. बहुतेक नोकरीच जाईल. तर साहेब, वायपरपासून सुरू करूया?”

डॉक्टर दाराला धरून उभा राहिला. तेव्हा कुठे ती रेघ त्याच्या कानात पोचली. महिनाभराने.

मंगळवारी दुपारी ती स्वतःच दवाखान्यात आली. गणवेश नव्हता, केसांत पेन्सिलही नव्हती. बसायला दुसरं काही रिकामं नव्हतं म्हणून रुग्णाच्या खुर्चीच्या कडेवर टेकली आणि वही उघडली.

“रागावून नाही आले,” ती म्हणाली. “फक्त विचारायला आले. माझं कुठे चुकलं? मी घाईत बोलते का? गुरुवारी विचारतील तर मला सांगता यायला हवं.”

आता बघा. दोन माणसं, एक खोली, वर दिवा. चूक तुमची नाहीच, मला तुम्हाला बघायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं. पोरीने दार सताड उघडून दिलं होतं हो! तिच्या डोळ्यांत दिसत होतं की तिला उत्तर ठाऊक आहे, फक्त याच्या तोंडून ऐकायचंय.

आणि आमचा डॉक्टर घसा खाकरून म्हणाला, “ते… छताच्या काचेचं जरा घाईत झालं.”

तिने मान खाली घातली आणि ते लिहून घेतलं. ‘छताची काच, घाई.’ अक्षर नेहमीसारखंच सुबक.

दारापाशी वळली. “गुरुवारी अकरा वाजता आहे. तुम्ही येऊन दोन शब्द सांगितलेत तर… म्हणजे जे खरं असेल ते.”

“येतो ना,” हा म्हणाला. “नक्की येतो.”

दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. जायचं म्हणजे काय? शोरूमच्या साहेबाच्या तीन दाढा यानेच बसवलेल्या, हिशेब ठेवणाऱ्या बाई याच्याच रुग्ण. त्या सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, की मी ठोंब्या असल्याचं सोंग केलं, बाईमाणूस भेटावं म्हणून खोट्या तक्रारी लिहिल्या. अब्रूचा पंचनामाच तो. पण गुरुवार उजाडला, हा उठला, दाढी केली, गाडी काढली.

आणि पोरींनो, काय सांगू! अकराच्या ठोक्याला शोरूमचं काचेचं दार असं ढकललं, की दोन सेल्समन बाजूला उडाले. आत साहेब टेबलाशी, समोर ती उभी, हातात वही. डॉक्टर गरजला, “थांबा! या बाईंनी मला पहिल्याच दिवशी सगळं समजावलं होतं. मला जे समजलं नाही, ते गाडीबद्दल नव्हतं!” साहेबाच्या तिन्ही दाढा खाली पडायच्या बेतात! हिशेबाच्या बाईंनी पदर डोळ्याला लावला. मागे उभ्या असलेल्या दहाच्या दहा गाड्यांचे दिवे आपोआप लागले, केशरी, निळे, जांभळे. आणि ती… तिने वही टेबलावर ठेवली, चार पावलं पुढे आली, याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “समजलं नाही, पुन्हा सांगा…”

पोरींनी टाळ्या वाजवल्या. धाकटी तर म्हणाली, “अय्या दादा! मग वहिनीला कधी आणणार?”

खिडकीशी कप बशीवर टेकल्याचा आवाज झाला.

“मामा, खोटं आहे हे,” डॉक्टर म्हणाला. “मी गाडीतून उतरलोच नाही. अकरा वाजता समोरच्या फुटपाथला उभा होतो, पावणेबाराला ती बाहेर आली. तिने गाडी ओळखली, काचेपर्यंत आली, काहीतरी बोललीसुद्धा. काय ते मला ऐकू आलं नाही… मी खाली बघून बटणं शोधत असल्याचं सोंग करत होतो.”