तीन डबे, सहा तास

"इतका पातळ नको. काळ्या डब्यावर आहे तेवढाच जाड थर दे," चष्मिश म्हणाली.

"मी पत्रा रंगवतोय, लग्नाचा मांडव नाही," तिचा धाकटा भाऊ मुंगळा कुरकुरला. तरी त्याने डब्यावर पांढऱ्या रंगाचा दुसरा हात मारला.

दोघं सुट्टीला मावशीकडे आले होते. मावशी कोंबड्यांच्या उबवणी केंद्रात कामाला होती. पिल्लांना ऊब मिळावी म्हणून त्यांच्या खोलीत पत्र्याचे डबे ठेवायचे आणि दर सहा तासांनी त्यांतलं निवलेलं पाणी काढून कढत पाणी भरायचं, हे तिचं काम. गेल्या सोमवारी सकाळी तिथे चाळीस पिल्लं गारठून मेलेली सापडली. ती टोपलीत भरायला चष्मिश होती. तेव्हापासून तिला रडू येत नव्हतं, भूकही लागत नव्हती. बोटांना फक्त ती गार पिसं जाणवत राहायची.

"बाईंनी पाणी बदललंच नाही," मॅनेजर म्हणाले. शनिवारी मावशीची नोकरी जाणार होती.

"बदललं होतं गं," मावशी भांडी घासताना एकदाच म्हणाली. मग नळ मोठा केला.

खरी गोष्ट लक्षात आली ती लंबूच्या. लंबू म्हणजे केंद्राच्या ड्रायव्हरकाकांची मुलगी. "डबे आधी चकचकीत होते," ती म्हणाली. "रविवारी मॅनेजरकाकांनी काळे करून घेतले. गच्चीवरच्या पिंपाला काळा रंग दिल्यावर पाणी मस्त तापलं होतं ना, म्हणून."

"पिंप उन्हात असतं," चष्मिश सावकाश म्हणाली. "खोलीत ऊन कुठलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तीन सारखे डबे रिकाम्या खोलीत मांडले गेले. एक कोरा चकचकीत, एक काळा आणि एका कोऱ्यावर मुंगळ्याने रंग दिलेला पांढरा.

"मॅनेजरकाका, पाणी तुम्ही भरा. कुलूप तुम्ही लावा. किल्ली तुमच्याच खिशात," चष्मिश म्हणाली. "मावशी इकडे फिरकणारसुद्धा नाही."

"म्हणजे सुट्टी तुमची आणि गृहपाठ माझा," मॅनेजर म्हणाले. पण त्यांनी पाणी भरलं. तिन्ही डब्यांत नव्वद अंश.

दोन वाजता त्यांनीच कुलूप काढलं, त्यांनीच थर्मामीटर बुडवला.

"चकचकीत, एकोणपन्नास. काळा..." त्यांनी थर्मामीटर पुसला, पुन्हा बुडवला. "चौतीस."

"आणि पांढरा?" लंबूने विचारलं.

"तोही चौतीस."

"पांढरासुद्धा?" मुंगळा म्हणाला. "माझी मेहनत पाण्यात."

"नाही रे, त्यानेच तर कळलं," चष्मिश म्हणाली. "काळा की पांढरा, हा प्रश्नच नाही. चकचकीत पत्रा उष्णता लवकर सोडत नाही. त्यावर कुठलाही रंग चढवला की भराभर सोडतो."

"म्हणजे रंगवलेला डबा उधळ्या. सगळं आधीच वाटून पहाटे कफल्लक," मुंगळा म्हणाला.

कोणी हसलं नाही. मॅनेजरांनी काळा डबा उचलून त्यातलं पाणी ओतून दिलं. मग दारात आलेल्या मावशीला म्हणाले, "बाई, चूक माझी होती. शनिवारी नेहमीसारख्या कामावर या." मुलांकडे वळून त्यांनी बाह्या सरसावल्या. "तुम्ही मोजून बघितलंत. मी नुसताच ओरडलो. चला, खरवडायला घ्या."

संध्याकाळी पहिला खरवडलेला डबा पिल्लांच्या खोलीत गेला. चष्मिशने त्याला पाठ टेकवली आणि तळहात जमिनीवर उघडा ठेवला. एक पिल्लू आलं, तळहातावर चढलं आणि तिथेच बसलं. गरम होतं.

ती बराच वेळ हलली नाही.

"मावशी," मग तिने हाक मारली, "खायला काय आहे?"