कापसातली रेघ

"वरची जागा माझी," असं म्हणत फुरकान चपला हातात घेऊन शिडी चढलासुद्धा.

"गाडी अजून आपली झाली नाही," मिस्बाह खालून म्हणाली. "उतर आधी. नळ सोडून पाहा, पाणी येतं का."

"नळ तू पाहा. मी झोपून पाहतो. दोन्ही पाहायला पाहिजे ना?"

फुरकान दहा वर्षांचा होता आणि कोणतंही काम झोपून करता येतं का, हे तो आधी पाहायचा. मिस्बाह तेरा वर्षांची, आठवीतली. तिने नळ सोडला. पाणी आलं. तिने वहीत बरोबरची खूण केली.

अकोल्याच्या बायपासला जुन्या गाड्यांचं ते आवार होतं. तिथे एक निळी मिनीबस उभी होती. सुरतेच्या कोणा कुटुंबाने यात्रेसाठी तिच्यात घर बांधून घेतलं होतं. दोन्ही बाजूंना पाठ टेकायच्या लांब सीटा, ओढल्या की पलंग. त्यांच्यावर दोन फळ्यांचे पलंग. मागे ओटा, शेगडी, पाण्याची टाकी आणि एका माणसापुरती मोरी.

"अशी घरगाडी तुमाले अख्ख्या वऱ्हाडात भेटनार नाई," आवाराचा मालक देवानंदभाऊ अब्बांना सांगत होता. "जिथं चाक थांबलं तिथं तुमचं घर."

"नंबर तं सुरतेचा दिसते," अब्बा म्हणाले. "श्रावनात तिकडं पूर आला होता. तवा गाडी कुठं होती?"

"शिर्डीले. पुराचा थेंब नाई लागला. तुमी काम काय करता?"

"गाद्या भरतो. कापूस पिंजाची मशीन हाय माही."

देवानंदभाऊ जरा थांबला. मग म्हणाला, "दोन दिवस घेऊन जा. राहून पाहा. रविवारी मी येतो, पसंत असली तं कागद करू. पन एक हाय. सीटांवरचं रेक्झिन नवं हाय. उसवाचं नाई."

"पिंजारी कोनाची गादी न विचारता उसवत नाई," अब्बा म्हणाले. "माह्या बापानं शिकवलं हाय मले."

अब्बांनी सीटेवर हात ठेवला. आत फोम नव्हता, कापूस होता. एवढ्यावरच ते खूश झाले. इंजिन सुरू करून पाहिलं, हॉर्न वाजवला आणि 'चालते' म्हणाले.

मिस्बाहला तेच आवडलं नाही. वर्षापूर्वी अम्मी वारली. तेव्हापासून अब्बा कोणाशी घासाघीस करत नसत. भाजीवाला म्हणेल तो भाव, पाहुणा म्हणेल ती गोष्ट. अमरावतीत राजापेठेतल्या घरमालकाला खोल्या ट्यूशन क्लासला द्यायच्या होत्या. त्याने दिवाळीनंतर खाली करा म्हटलं, अब्बा 'हो' म्हणाले. अब्बांची मोठी बहीण, हिवरखेडची कहकशाँ फुफी म्हणाली, "फुरकानला माझ्याकडे ठेव. मिस्बाहची शाळा आता पुरे, तीही येईल, घरकाम शिकेल. तू एकटा फिर खेड्यापाड्यांत." अब्बा त्यालाही 'हो' म्हणाले.

मिस्बाह एकटीच 'नाही' म्हणाली होती. शाळा सोडणार नाही, फुरकानला सोडणार नाही आणि अब्बांना एकटं पाठवणार नाही. "मग राहाल कुठं?" असं फुफीने विचारलं, तेव्हा तिच्याकडे उत्तर नव्हतं. ते तिची मैत्रीण रूपालीने आणून दिलं. रूपालीचे वडील वामनराव झेंडूची फुलं घेऊन अकोल्याला जात, त्यांना ही गाडी दिसली होती. मशीन गाडीत, घर गाडीत. दिवसा जवळच्या खेड्यांत काम, मुक्कामाला परत वामनरावांच्या वावरात, आणि शाळा तिथून सायकलवर. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, शेतकऱ्यांच्या हातात पैसा नव्हता. नवी गादी कोणी भरत नव्हतं, जुनीच पिंजून द्या म्हणत. म्हणजे लोकांच्या दारातच जावं लागणार होतं.

फुफी रविवारी दोघांना न्यायला येणार होती. त्याआधी गाडी ठरली तर ठरली.

लग्नाआधी अब्बांनी टेम्पो चालवला होता. त्यांनी घरगाडी चालवत अमरावतीला आणली आणि नांदगाव पेठेच्या अलीकडे वामनरावांच्या वावरात उभी केली. झेंडू दिवाळीला तोडून झाला होता, जागा मोकळी होती.

गाडीत राहणं म्हणजे काय, ते त्याच दिवशी कळलं. शेगडीवर चहा ठेवला की मोरीचं दार उघडत नसे. मोरीचं दार उघडलं की ओट्यापाशी उभं राहता येत नसे. फुरकानने आंघोळीत टाकीतलं सगळं पाणी संपवलं आणि साबण लावलेल्या अंगाने विहिरीपर्यंत धावत गेला. रूपाली बांधावर बसून हसत होती.

"काय व, तुह्या घरात तं बसाले जागा नाई."

"तुझ्या घराला चाकं कुठं आहेत?" मिस्बाह म्हणाली.

संध्याकाळी तिने दिव्याचं बटण दाबलं. दिवा लागला नाही, हॉर्न वाजायला लागला. बंद केलं तर समोरच्या काचेवरचे वायपर हलायला लागले.

"नवी सून हाय, रुसून राहिली," वामनराव म्हणाले. "वायर कुठं घासली असन. होईल दुरुस्त."

अब्बांनी मान हलवली. मिस्बाहने वहीत पहिली फुली मारली.

दुसरी फुली तिने सकाळी उठल्यावर मारली. ती खाली सीटेच्या पलंगावर झोपली होती आणि तिची पाठ दुखत होती. फुरकान वरून आळस देत म्हणाला, "मला तर ढगावर झोपल्यासारखं वाटलं."

"उतर."

"काहून?"

"उतर म्हणते ना. मला तुझा ढग पाहायचा आहे."

तिने वरची गादी अंगठ्याने दाबली. अंगठा आत गेला, सोडल्यावर गादी परत वर आली. खालची दाबली. आत बोरांएवढे गोळे लागले. हे गोळे तिच्या ओळखीचे होते. लोक गादी भिजली की उन्हात टाकतात, वरून कोरडी झाली की पुन्हा अंथरतात, आणि वर्षाने पिंजायला आणून विचारतात की टोचते का बरं. एकदा ओल्या कापसाचा गोळा झाला की तो पिंजल्याशिवाय मोकळा होत नाही.

ती धावत अब्बांकडे गेली. "अब्बा, खालच्या सीटा भिजलेल्या आहेत. उसवून पाहू?"

"नाई. शब्द दिला हाय."

"पण त्याने उसवू नका हे आधी का नाही सांगितलं? तुम्ही पिंजारी आहात हे कळल्यावर सांगितलं."

"मिस्बाह, लहान पोरांच्या पायी भिजते गादी. गाडीत लेकरं असतील. दुसऱ्याची गादी न विचारता उघडाची नाई म्हनजे नाई." ते मशीनच्या चाकाला तेल लावायला निघून गेले.

मिस्बाह पायरीवर बसली. तिला राग आला होता. अब्बा भल्या माणसासारखं वागत होते आणि तिकडे कोणी तरी त्यांच्या भलेपणावर गाडी विकत होता. शब्द अब्बांचा होता, तो तिला मोडायचा नव्हता. पण गप्पही बसायचं नव्हतं.

"उसवाचं नाई," रूपाली शेजारी बसत म्हणाली. "टोचाचं नाई असं म्हनला का तो?"

मिस्बाहने तिच्याकडे पाहिलं. मग उठून अब्बांच्या पेटीतून दाभण काढली. गाद्यांना टाके घालायची ती वीतभर लांबीची जाड सुई असते. मोकळ्या कापसात ती आपल्या वजनानेच आत जाते. गोळ्याला लागली की अडते.

सीटेच्या पाठीला समोरून रेक्झिन होतं, पण मागून साधं मांजरपाट होतं. सुई काढली की भोकही दिसत नव्हतं. मिस्बाहने तळाशी दाभण टोचली. अडली. चार बोटं वर टोचली. अडली. आणखी वर. अडली.

"खडू आण," ती फुरकानला म्हणाली.

वर जाता जाता एका जागी दाभण सरळ आत गेली. तिथे तिने खडूची खूण केली. वीतभर सरकून पुन्हा खालून सुरुवात केली. परत त्याच उंचीवर दाभण मोकळी झाली. फुरकान मोजत होता, रूपाली वही धरून होती. एक सीट झाली, दुसरी झाली. ड्रायव्हरच्या खुर्चीची पाठही झाली.

"मले काई समजून नाई राहिलं," रूपाली म्हणाली. "पोरं सगळीकडं सारख्याच उंचीवर कसे मुततील?"

फुरकान हसून खाली बसला. मिस्बाह हसली नाही. तिने रिळाचा दोरा घेतला, पहिल्या खुणेला धरला आणि फुरकानला दुसऱ्या टोकाला शेवटच्या खुणेवर धरायला लावला. गाडीभर एक सरळ रेघ तयार झाली, मिस्बाहच्या कमरेएवढ्या उंचीची.

रूपालीने वही खाली ठेवून दोऱ्यावरून बोट फिरवलं.

"हे लेकरांचं पाणी नाही," मिस्बाह म्हणाली. "ही गाडी इथपर्यंत बुडाली होती."

रविवारी सकाळी देवानंदभाऊ कागद घेऊन आला. त्याच्या पाठोपाठ रिक्षातून कहकशाँ फुफी उतरली. दिवाळीपाठोपाठ आलेल्या ईदच्या शेवयांचा डबा एका हातात आणि मुलांचे कपडे भरायला रिकामी पिशवी दुसऱ्या हातात. वामनराव खाट टाकून बसले होते.

"हे घर?" फुफीने गाडीकडे पाहून विचारलं. "नियाज, यात कोंबड्या ठेव. पोरं मी नेते."

"आपा, बसा तं आधी," अब्बा म्हणाले.

"सही करा भाऊ," देवानंदभाऊने पेन पुढे केलं. "मले परत जाचं हाय."

मिस्बाह मध्ये उभी राहिली. "काका, एक विचारायचं होतं. पुरात गाडी कुठं होती म्हणालात?"

"सांगतलं ना तुह्या बापाले. शिर्डीले."

"सगळ्यांसमोर पुन्हा सांगा. पाण्याचा थेंब लागला नाही?"

"नाई लागला. नियाजभाऊ, पोरगी लय बोलते तुमची."

"मिस्बाह," अब्बा दटावून म्हणाले.

"अब्बा, मी काही उसवलं नाही. शब्द मोडला नाही. तुम्ही फक्त एकदा आत या." तिने दाभण त्यांच्या हातात दिली. "रेघेच्या खाली टोचा, मग वर टोचा. तुमच्या हाताला जे कळेल ते मला मान्य. हाताने नाही म्हटलं तर मी आत्ता फुफीबरोबर जाते."

फुरकानने तिचा हात धरला. त्याला हे ठरलेलं माहीत नव्हतं.

अब्बा आत गेले. पहिल्या पाठीला रेघेच्या खाली दाभण टोचली, वर टोचली. दुसरीला तसंच. तिसरीपर्यंत त्यांनी घाई केली नाही. ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा वर्षभर नव्हता तसा होता. मिस्बाहला तो चेहरा आठवत होता. ओला कापूस कोरडा म्हणून विकणाऱ्यांशी बोलताना ते असे दिसायचे.

"देवानंदभाऊ," ते म्हणाले, "गाडी अजून तुमची हाय, म्हनून विचारतो. एक सीट उसवू का?"

"काहून? नवं रेक्झिन..."

"फुकट भरून देतो परत. वरून नवा कापूस टाकतो."

"नाई म्हनतो ना."

"पिंजारी फुकट गादी पिंजून देतो म्हन्ते अन् तुमी नाई म्हन्ता?" वामनराव खाटेवरून म्हणाले. "माह्याकडं असं गिऱ्हाईक आजपर्यंत आलं नाई."

"आमचे बाबा तुमच्या आवारासमोरूनच फुलं घेऊन जातेत," रूपाली म्हणाली. "हो ना बाबा? गाडी परत तिथं उभी राह्यली, तं येणाऱ्या गिऱ्हाइकाला दोऱ्याची गोष्ट सांगाले थांबत जा."

"थांबतो की," वामनराव म्हणाले.

देवानंदभाऊने रुमालाने मान पुसली. मग म्हणाला, "उसवा."

अब्बांनी एक पाठ काढून खाटेवर ठेवली आणि चार टाके कापले. आतून कापूस ओढला तर तो ओंजळीत दगडासारखा पडला. पिवळट, गोळे झालेला, आणि चुरगाळल्यावर त्यातून बारीक गाळ गळून खाटेवर पडला.

"मले बी अशीच भेटली," देवानंदभाऊ हळूच म्हणाला. "मी वरून रंग मारला, रेक्झिन घातलं. आतलं कोन पाहते, असं वाटलं."

"वायर पाण्यात गेलेली," अब्बा म्हणाले. "माही लेकरं झोपेत असताना आग लागली असती तं?"

देवानंदभाऊने पेन खिशात ठेवलं.

"झालं," फुफी उठली. "चला, कपडे भरा."

"नाही," मिस्बाह म्हणाली.

"आता कसलं नाही? गाडी तर..."

"थांबा आपा," अब्बा म्हणाले. ते देवानंदभाऊकडे वळले. "बुडाली म्हनून गाडी मेली नाई. इंजिन खोलून साफ करा. वायर सगळी नवी टाका. इथं, अमरावतीत, माह्या मेकॅनिकसमोर. कागदावर लिहा का गाडी पुरातली हाय. अन् अर्ध्या किमतीत मले द्या. नाई जमत तं आत्ता घेऊन जा."

"अर्ध्या?"

"पोरगी वही घेऊन उभी राहीन. तिनं बरोबरच्या खुना केल्या, का मी सही करतो. त्याआधी नाई."

अर्धा तास ते दोघं बोलले. अब्बा चार वेळा 'नाही' म्हणाले. मिस्बाहने मोजलं. शेवटी देवानंदभाऊने सगळं कागदावर लिहिलं, बाकीच्या सीटा उसवायची परवानगीही दिली आणि जाताना मिस्बाहकडे पाहून म्हणाला, "शिकून काय होनार हाय तू?"

"आधी आठवी पूर्ण करणार आहे," ती म्हणाली.

फुफी सीटेवर जाऊन बसली होती. गोळे तिलाही टोचले असावेत. तिने दोरा एका बाजूने धरून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "नियाज, तुझ्यापेक्षा तुझी पोरगी हुशार आहे. हिला मीच घेऊन जाते. माझ्या घरची सगळी खरेदी हिच्याकडून करून घेते."

"ती कुठं जानार नाई, आपा," अब्बा म्हणाले. "दोघंही नाई. सुटीत तुमीच या. वरची जागा तुमाले."

"वरची जागा माझी आहे," फुरकान म्हणाला.

फुफीने त्याच्याकडे पाहिलं, शिडीकडे पाहिलं, आणि पिशवी घडी करून कमरेला खोचली. "शेवया गरम करायला जागा आहे का या घरात?"

मिस्बाहने शेगडी पेटवली. मोरीचं दार बंद करावं लागलं, रूपालीला बाहेर उभं राहावं लागलं आणि फुफीला पाय वर घेऊन बसावं लागलं. अब्बा दारात उभे राहून कात्रीने पुढच्या सीटेचे टाके कापायला लागले होते.

"मिस्बाह," ते म्हणाले, "शेवया झाल्या का त्या बाजूची सीट उसव. मालकाची परवानगी हाय."