मालवणहून आलेला दादा

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. ज्याच्याबद्दल सांगतेय, तो आत्ता शेजारच्या खोलीत बसलाय.

आम्ही कोरेगाव भीमाचे. माझा मोठा भाऊ सम्राट सणसवाडीला कंपनीत आहे. गेल्या फेब्रुवारीत तो आणि त्याच्या शिफ्टमधला मित्र सत्यजीत मालवणला स्कुबा करायला गेले.

भर सकाळ. समुद्र शांत.

आधी दादा उतरला. वर आला, टॉवेल गुंडाळून होडीत बसला.

मग सत्यजीत गेला. पुढचं त्यानंच मला सांगितलं.

खाली प्रवाळ होतं. त्यात पट्ट्यापट्ट्यांचे इवले मासे, नखाएवढे खेकडे. गाइडनं त्याला मागून धरलेलं. स्वतःच्या श्वासाशिवाय कसलाच आवाज नाही.

अचानक सगळे मासे कपारीत शिरले...

एकही दिसेना.

आणि त्याच कपारीतून एक हात बाहेर आला...

मग चेहरा.

दादाचा.

तोंडात नळी नाही. एक बुडबुडा नाही. डोळे सताड उघडे. तो अंगठा वर करून दाखवत होता. पुन्हा पुन्हा.

पाण्याखाली त्या खुणेचा अर्थ एकच. मला वर न्या.

त्यानं सत्यजीतचा पाय घट्ट धरला.

सत्यजीतनं लाथ मारली. थेट तोंडावर.

गाइडला वाटलं, पोरगं घाबरलं. तो त्याला घेऊन वर आला. गाइडला स्वतःला काहीच दिसलं नव्हतं.

होडीत दादा शेंगदाणे खात होता.

"काय रं, कुणी भेटलं का खाली?" त्यानं हसत विचारलं.

सत्यजीत आता आमच्या घरी येत नाही. हायवेवर गाठून त्यानं मला हे सांगितलं. "गौतमी, त्यो आपला सम्राटच हुता गं. रडत हुता. आन् मी त्येला लाथ मारली."

मालवणहून आल्यापासून दादानं आईला एकदाही 'आई' म्हणून हाक मारली नव्हती. हे माझ्या तेव्हा कुठं लक्षात आलं.

त्या संध्याकाळी तो जेवत असताना मी विचारलं, "दादा, सत्यजीतला खाली कोण दिसलं?"

त्याचा घास थांबला.

"ऱ्हाऊ दे त्येला तिथंच," तो शांतपणे म्हणाला. "आता मी हाय की."

आई चुलीपाशी होती. तिनं सगळं ऐकलं. आता ती काहीतरी बोलेल, असं मला वाटलं...

ती उठली. त्याच्या ताटात गरम भाकरी वाढली.

"माझं पोरगं घरात हाय," ती मला म्हणाली. "पुन्यांदा हा विषय काढायचा न्हाई."

बोलताना तिनं त्याच्याकडे मात्र एकदाही बघितलं नाही.